आजींना बोट ठेवूनच वाचू द्या

(पत्राचा गोषवारा: मुलगा तिसरीत, मराठी माध्यमात आहे. वाचताना अडखळतो, जोडाक्षर आलं की अंदाजाने भलताच शब्द म्हणतो. आई रोज संध्याकाळी अर्धा तास मोठ्याने वाचायला बसवते आणि शेवट रडण्यात होतो. शिकवणी लावावी का, असा प्रश्न आहे.)

ताई,

शिकवणी लावू नका. तुमच्या पत्रात तिच्याबद्दलच पानभर मजकूर आहे, पण मी अडले ती कंसातल्या एका वाक्यापाशी: ‘पूर्वी सासूबाई रात्री गोष्ट वाचून दाखवायच्या, पण त्या बोट ठेवून सावकाश वाचतात, त्याला तीच सवय लागेल म्हणून दुसरीत बंद केलं.’ घरात चाललेलं सर्वांत उपयोगी वाचन तुम्ही थांबवलंत. ते आज रात्री पुन्हा सुरू करा.

बोटाची लाज कसली? आपल्या लिपीत लिहिण्याचा आणि उच्चाराचा क्रम दर वेळी जुळत नाही. ‘किती’मधली पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तोंडात नंतर येते. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर, पण उच्चारायचा ‘य’च्या आधी. एकट्या ‘र’चंच बघा: सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर. चार शब्दांत चार रूपं! हे सगळं फोडता फोडता तुमचा मुलगा वाक्याच्या शेवटाला पोचतो, तोवर सुरुवात विसरलेला असतो. मग अंदाज करतो. बिचारा आळशी नाही, थकलेला आहे.

आजी ‘राष्ट्र’ म्हणतात त्याच क्षणी त्यांचं बोट त्या शब्दाखाली असतं, म्हणून कानावर पडलेला शब्द आणि पानावरचा आकार त्याच्या मनात एकत्र बसतात. असं वारंवार घडलं की शब्द फोडावा लागत नाही, बघताक्षणी ओळखू येतो. आजींचा सावकाश वेगही त्याच्या डोळ्यांना झेपणारा आहे. वेग आला की मुलं बोट आपणहून सोडतात.

जेवणं झाल्यावर 15 मिनिटं पुरेत. पहिली 10 मिनिटं फक्त आजी वाचतील आणि तो शेजारी बसून पानाकडे बघेल. समोर नको, अक्षरं उलटी दिसतात. पुस्तक त्याला एकट्याला जड जाईल असंच घ्या, कारण ऐकून कळण्याची ताकद या वयात वाचून कळण्याच्या बरीच पुढे असते. बालभारतीचं ‘किशोर’ 1971पासून निघतंय, त्याचे अंक चालतील. उरलेली 5 मिनिटं सोप्या पुस्तकातलं एक पान दोघांनी एका सुरात वाचायचं. पानावर पाचांहून जास्त शब्द अडले, तर पुस्तक बदला. एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने आजींना कोपर लावायचं, त्या थांबतील. अडला की आजींनी मनात पाच आकडे मोजायचे, मग शब्द सांगायचा. त्याने तो म्हणायचा आणि पुढे जायचं. ‘फोड कर’, ‘काल सांगितलं होतं ना’ हे अजिबात नको. तेच पान लागोपाठ तीन रात्री वाचा. कंटाळवाणं वाटेल, पण वेग तिथेच येतो.

तुमचा संध्याकाळचा अर्धा तास बंद. रात्रीच्या वाचनात तात्पर्य विचारायला जाऊ नका, त्याला लगेच परीक्षेचा वास येतो.

डोळे मात्र याच आठवड्यात तपासून घ्या. आणि तीन महिन्यांनंतरही घ-ध, भ-म यांत गोंधळ राहिला, लिहितानाही तसाच झाला, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, लांबवू नका.

सासूबाईंना थांबायला तुम्ही सांगितलं होतंत, तेव्हा पुन्हा वाचायलाही तुम्हीच सांगा. ‘बोट ठेवूनच वाचा’ हे स्पष्ट म्हणा, नाहीतर त्या संकोचून बोट आवरतील. मुलाकरवी निरोप धाडू नका.