आंदोलनांवर पीएचडी करायची म्हणतोय

प्रश्न: ताई, मी पुण्यात राज्यशास्त्रात एमए करतोय. 2024 च्या ऑगस्टमध्ये शास्त्री रोडवर एमपीएससीवाल्या पोरांचं आंदोलन झालं, त्यात मीही होतो, तेव्हापासून वाटतंय आंदोलनांवरच पीएचडी करावी. पण मला थिअरीही आवडते. नक्की काय निवडू? घरचे म्हणतात, यात नोकरी कुठाय?
– एक वाचक, नवी पेठ

उत्तर: घरचे चुकीचं नाही बोलत रे. कॉलेजात कायम जागा निघता निघत नाहीत, तोवर सीएचबीवर तासाच्या हिशोबाने पैसे. म्हणून नेट किंवा सेट, या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, त्यातली एक आधी काढ (सेट तर आपलंच विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र-गोव्यासाठी), आणि नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, बसली तर सुरुवातीला महिना 37,000 मिळतात, घरातले वाद बरेच निवळतात.

आता थिअरी की आंदोलन. हे दोन वेगळे रस्ते आहेत असं कोणी सांगितलं तुला? 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेब संविधान सभेत म्हणाले की घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार हे सोडून द्यायला हवेत, आणि 1927 ला महाडचा सत्याग्रह त्यांनीच केलेला. मग मार्ग खरंच खुला आहे की नुसता कागदावर, हे ठरवायचं कोणी? हा पक्का थिअरीचा प्रश्न, पण खुर्चीत बसून सुटत नाही, एखादं खरं आंदोलन उकलावंच लागतं. लांब जायला नको, मुळशी बघ. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध तिथल्या मावळ्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांचा सत्याग्रह, नेतृत्वात सेनापती बापट. खाजगी कंपनीसाठी सरकार जमीन घेतं ती कुठल्या हक्काने, आणि मोबदला जमीनमालकाला मिळाला तर कुळाचं काय? राजेंद्र व्होरांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलंय, ते इथेच विद्यापीठात शिकवायचे. आधी ते वाच.

शास्त्री रोडवर मात्र लगेच लिहू नको असं माझं मत, सगळे ओळखीचे, तुला आवडेल तेच सांगतील. लिहायचंच असेल तर जे आले नाहीत, अभ्यासिकेत पुस्तक उघडून बसले, त्यांना आधी गाठ. मागणी मान्य झाली तर फायदा सगळ्यांनाच मिळणार, मग रस्त्यावर आपण कशाला जायचं, हा प्रश्न मन्सूर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1965 लाच मांडलाय आणि या विषयातली माणसं अजून त्यावर भांडतायत.

आणि गाइड ठरवताना नाव बघून भुलू नको, त्यांच्याकडच्या पोरांची पीएचडी किती वर्षांत झाली ते कँटीनमध्ये विचार, खरं उत्तर तिथेच मिळतं.