हिमोग्लोबिन चढत नाही? पुड्यांचं डॉक्टरांना सांगितलंत का?

घणसोलीच्या ताई, मिस्टरांचं हिमोग्लोबिन 8, चार महिने लोहाच्या गोळ्या, पोटात पीळ, सोनोग्राफी नॉर्मल. आणि शेवटच्या ओळीत सहज लिहिलंत, 'शुगरसाठी ओळखीतल्या एकांच्या पुड्या चालू आहेत.' मी तिथेच अडकले.

मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालेय. पण अशा पुड्यांत शिसं असू शकतं, तेव्हा रक्तातलं शिसं तपासायचं का, हे डॉक्टरांना विचाराच. नमुना शिरेतूनच द्या. बोट टोचून घेतला तर कातडीवरचं शिसं मिसळून आकडा फुगू शकतो.

आमच्या ह्यांच्या वेळी ठाण्यात तीन डॉक्टर झाले. तिघांनीही विचारलं, "आणखी काही औषध?" तिन्ही वेळा मीच ठामपणे म्हणाले, "छे, काही नाही." पुडीला औषध म्हणतात हे डोक्यातच नव्हतं! त्या 'नाही'पायी एंडोस्कोपी झाली, पाच महिने गेले, आणि रोज सकाळी मधातून पुडी मीच देत होते. शेवटी एका पॅथॉलॉजिस्टबाईंना लाल पेशींत निळे ठिपके दिसले. शिसं निघालं दर डेसिलिटर रक्तात 74 मायक्रोग्रॅम. अमेरिकेत लहान मुलांचा आकडा 3.5 झाला तरी दखल घेतात.

मला समजलं ते असं. शिसं कॅल्शियमचं सोंग घेतं. पेशी एकमेकींना निरोप देतात ते कॅल्शियमच्या जोरावर. तिथे हा तोतया घुसला की काही निरोप अडतात, काही नको तेव्हा सुटतात. रक्तात लोह असूनही हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग) बनवणारी एन्झाइम्स तो बंद पाडतो, मग गोळ्या काय करणार? त्यात अंगात लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्तच ओढतं. तरी गोळ्या मनाने बंद करू नका. पुड्या मात्र आजच थांबवा, आणि शुगरचं काय ते डॉक्टरांना लगेच विचारा.

तक्रार करायला गेले तर त्या कार्यालयात म्हणे, "बिल दाखवा, लेबल दाखवा." पुडीला कसलं लेबल? दोन खेपा घातल्या, सोडून दिलं. आयुर्वेदावर माझा राग नाही; परवाना आणि बॅच नंबर नसलेल्या कागदाच्या पुडीवर आहे. उरलेल्या पुड्या फेकू नका, तपासायला लागतील. सुटी, भडक पिवळी हळदही टाळा. रंगासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत.

उपचारानंतर आमचा आकडा 19 वर आला आणि महिन्याभरात परत 31. हाडांत साठलेलं शिसं रक्तात उतरतं म्हणे. तेव्हा पहिला चांगला रिपोर्ट बघून फाइल बंद करू नका.