‘सातारा खालसा झाले’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे : ‘सातारा खालसा झाले’ यातला खालसा आणि शिखांचा खालसा एकच का? असल्यास, ईस्ट इंडिया कंपनीनं साताऱ्याचं राज्य घशात घालण्याला ‘शुद्ध’ अर्थाचा शब्द कसा चिकटला?

मूळ एकच. अरबी ‘खालिस’ म्हणजे निर्भेळ. ज्या मुलखाचा वसूल जहागीरदाराकडे न जाता थेट बादशाही खजिन्यात जाई, तो मुघल दप्तरात खालसा. मराठी दप्तरानंही शब्द तसाच उचलला. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ साली पंथाला हे नाव दिलं, त्याचाही अर्थ ‘मधल्या मसंदांना (गुरूंच्या नेमलेल्या प्रतिनिधींना) वगळून थेट गुरूंचे’ असा सांगतात.

खरी मेख ‘खालसा करणे’ या प्रयोगात आहे. जहागीर खालसा होते, इनाम खालसा होतं. दिलेलं देणाराच परत घेतो. म्हणजे हा शब्द वापरला की मुलूख मुळात घेणाऱ्याचाच होता, हे आपण न बोलता कबूल करतो. आणि १८४८ साली भांडण नेमकं यावरच होतं! साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब एप्रिलमध्ये वारले, त्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क म्हणाले, १८१९ च्या तहानं राज्य राजाला आणि त्याच्या वारसांना कायमचं दिलंय; दत्तक हा हिंदू रिवाजानं वारसच. त्यांच्याच कौन्सिलातले विलोबी म्हणाले, पेशवाई बुडवून हे राज्य कंपनीनंच उभं केलं, तेव्हा तिच्या मंजुरीशिवाय दत्तकाला गादी नाही. गव्हर्नर-जनरल डलहौसीनं विलोबींची री ओढली आणि १८४९ मध्ये कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी ते कायम केलं. पुढे राजपुतान्यातल्या करौलीत दत्तकाचाच प्रश्न आला, तेव्हा मात्र ‘हे मांडलिक नव्हे, संरक्षित मित्र’ म्हणून त्याच संचालकांनी ते राज्य राखलं.

मला क्लार्क यांचंच म्हणणं पटतं. तहाने बांधलेलं राज्य म्हणजे इनाम नव्हे. तरी १८४८ बद्दल लिहिताना ‘खालसा’च ठेवावा, कारण कंपनीचा दावा त्यात जसाच्या तसा दिसतो. १९४८-४९ च्या संस्थानांना मात्र तो लावू नये. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात आलं ते करारानं, त्याला ‘विलीन झालं’ असंच म्हणावं.