निवाऱ्यातल्या सशांसाठी योग्य घर कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा की ससा मागायला लोक बरेच येतात, पण द्यायचा कोणाला? मी सशांना घरं मिळवून देण्याचं काम करते. "ससा आवडतो का?" असं मी कधी विचारत नाही, कारण आवडतो म्हणूनच ते आलेले असतात. मी विचारते, "दिवसभर कुठे राहील तो?" कायम पिंजऱ्यात ठेवणार असतील तर मी नाही म्हणते. त्याला पळायला मोकळी जमीन हवी आणि वायरी त्याच्या दातांपासून लांब हव्यात.

लोकांना ससा कुशीत हवा असतो आणि त्याला नेमकं तेच नको असतं. उचलल्यावर घाबरून तो मागचे पाय इतक्या जोरात झाडतो की त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. म्हणून आलेल्यांना मी जमिनीवर बसवते आणि हात न लावता थांबायला सांगते. थोड्या वेळाने ससा येतो, पायाचा वास घेतो, गुडघ्याला हनुवटी घासतो आणि निघून जातो. एवढ्यानेच ज्याचा चेहरा खुलतो, त्याच्याशी मी पुढचं बोलते. मूल उचलायचा हट्ट करतंय आणि मोठी माणसं "घे, काही होत नाही" म्हणतायत, तिथे मी देत नाही.

मग विचारा, "सकाळी त्याने काहीच खाल्लं नाही तर?" "उद्यापर्यंत बघू" हे उत्तर धोक्याचं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर सशाचं आतडं मंदावतं आणि जिवावर बेततं. सशांवर उपचार करणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवलेला हवा. कुत्र्या-मांजरांना चालणारी काही अँटिबायोटिक्स सशाला तोंडावाटे दिली तर तो दगावू शकतो. मुख्य आहार सुकं गवत, गाजर क्वचितच. आणि हे सगळं आठ-दहा वर्षं करायचं आहे, हे स्पष्ट सांगा.

नसबंदी करूनच द्या, त्यात तडजोड नको. मादी जेमतेम महिन्याभरात विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदी न केलेल्या माद्यांना उतारवयात गर्भाशयाचा कॅन्सरही बऱ्याचदा होतो. जमलेली जोडी मात्र कितीही मागणी असली तरी फोडू नका.

नाही जमलं तर ससा आम्हालाच परत द्यायचा, हे लिहून घ्या. परत आणणाऱ्याला बोल लावू नका, नाहीतर पुढचा माणूस तो कुठेतरी मोकळ्यावर सोडून देईल.