सुपरफंडच्या जागेजवळ घर घ्यावे का, आणि घेतल्यास घरच्यांच्या आरोग्यासाठी काय काळजी घ्यावी?

आपण विचारले आहे की, न्यू जर्सीतील साउथ प्लेनफिल्डमध्ये पसंत केलेल्या घरापासून मैलभराच्या आत सुपरफंडची जागा (अमेरिकी सरकारच्या सुपरफंड कार्यक्रमात साफसफाईसाठी घेतलेली, विषारी रसायनांनी दूषित जागा) आहे, घरात दीड वर्षाची मुलगी आहे आणि आई-बाबा दर उन्हाळ्यात येऊन राहतात. तर हे घर घ्यावे की सोडून द्यावे. मी डॉक्टर नाही, परंतु याच मिडलसेक्स काउंटीत अशाच एका जागेपासून जवळ चौदा वर्षे राहत आहे. आम्हाला घर दाखवणाऱ्याने याविषयी अवाक्षर काढले नव्हते. शेजारच्या आजोबांनी सांगितले तेव्हा कळले. त्यामुळे आपण सह्या करण्याआधी विचारत आहात, हे फार बरे झाले.

किती मैल, या आकड्यावरून फारसे काही ठरत नाही. जागेत कोणते रसायन आहे आणि ते कोणत्या वाटेने घरात पोहोचू शकते, हे आधी पाहावे लागते. आपल्याच गावातील हॅमिल्टन बुलेव्हार्डवरची कॉर्नेल-डुबिलियरची जागा पाहा. तेथे १९३६ ते १९६२ या काळात कपॅसिटर आणि इतर विद्युत भाग तयार होत, आणि त्यातून पीसीबी (विद्युत भागांत वापरले जाणारे तेलकट रसायन) व ट्रायक्लोरोइथिलीन (टीसीई, धातूचे भाग धुण्याचे द्रावक) ही दोन रसायने जमिनीत मुरली. १९९८ साली ती जागा राष्ट्रीय प्राधान्य यादीत, म्हणजे सुपरफंडमधून आधी साफ करायच्या जागांच्या यादीत, आली. पीसीबी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते मातीला, धुळीला आणि माशांच्या चरबीला धरून राहते. म्हणूनच तेथे आसपासच्या काही घरांच्या अंगणांतील माती उचलावी लागली, काही घरांची आतली धूळसुद्धा काढावी लागली, आणि बाउंड ब्रुक या ओढ्यातील मासे न खाण्याचा इशारा द्यावा लागला. टीसीईची चाल वेगळी आहे. ते भूजलाबरोबर खडकांच्या भेगांतून दूरवर जाते आणि वाफ होऊन वर येते, म्हणजे ज्या घराचे अंगण निर्मळ आहे त्याच्या बेसमेंटमध्येही ते शिरू शकते.

या वाफेच्या वाटेकडे आपण सर्वांत आधी लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही सहसा कळत नाही. टीसीईमुळे मूत्रपिंडाचा कर्करोग होतो हे मान्य झालेले आहे, आणि गर्भाच्या हृदयाच्या वाढीविषयीही चिंता व्यक्त झालेली आहे. घरात कोणी गरोदर असेल तर घरातील हवेची चाचणी लांबणीवर टाकू नये. आमच्याकडे चाचणी झाली तेव्हा बेसमेंटच्या काँक्रीटला बोटभर छिद्र पाडून खालची हवा घेतली, आणि प्रेशर कुकरएवढे पोलादी भांडे २४ तास वर ठेवून घरातली हवा घेतली. त्याआधी रंगाचे डबे, गोंद आणि ड्राय क्लीन करून आणलेल्या साड्यासुद्धा घराबाहेर हलवायला सांगितले होते, कारण त्यांतूनही अशीच रसायने निघतात आणि निकाल चुकतो. चाचणी थंडीत करावी. घर बंद आणि हीटर चालू असताना जमिनीतली हवा जास्त ओढली जाते. वाफ सापडली तरी घाबरून जाऊ नये. रेडॉनसाठी (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूसाठी) बसवतात तसाच पाइप आणि पंखा बेसमेंटच्या काँक्रीटखाली बसवून ती हवा छपराबाहेर सोडता येते, आणि हा उपाय खरोखर चालतो.

पाण्याचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटतो. घराला कंपनीचा नळ असेल तर त्या कंपनीचा वार्षिक गुणवत्ता अहवाल वाचावा. स्वतःची विहीर असेल तर न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे विक्रीच्या वेळी तिची तपासणी व्हावीच लागते. तो कागद मागून घ्यावा. पाणी उकळून पिण्याची आपली सवय येथे कामाची नाही: उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक तसेच राहते, आणि टीसीई उडून स्वयंपाकघरातल्या हवेत जाते.

मातीच्या बाबतीत मात्र आपल्या घरच्या सवयीच कामी येतात. चपला-बूट दाराबाहेर काढायचा नियम पाहुण्यांनाही लावावा. झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे, व्हॅक्यूम हेपा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा घ्यावा. रांगत्या मुलांचे हात सतत तोंडात जातात, म्हणून जेवणाआधी आणि बाहेरून आल्यावर ते साबणाने धुवावेत. आई-बाबा आले की परसात मेथी, कोथिंबीर, अळू लावणारच. त्यांना अडवू नका, पण माती तपासलेली नसेल तर लाकडी चौकटीत विकतची स्वच्छ माती फूटभर भरून, खाली जाड कापड अंथरून त्यात लावायला सांगा. ओढ्यातले मासे बाबांनी कितीही हौसेने पकडले तरी घरात शिजवू नयेत.

मुलीच्या रक्तातील शिशाची तपासणी न्यू जर्सीत बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात होते. पहिली झाली नसेल तर लगेच करून घ्या. येथे थोडी बाजूची, पण महत्त्वाची गोष्ट सांगतो. रक्तात शिसे आढळले तर केवळ त्या जागेला दोष देऊन थांबू नये. घर १९७८ पूर्वीचे असल्यास त्याचा रंग, भारतातून आणलेली सुटी हळद, शेंदूर आणि भस्मयुक्त औषधे हीदेखील शिशाची ठिकाणे आहेत. पीसीबीची रक्ततपासणी होऊ शकते, परंतु त्या आकड्यावरून पुढे काय होईल हे डॉक्टरांना सांगता येत नाही, म्हणून मी तिच्या मागे लागलो नाही.

आता घराविषयी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) संकेतस्थळावर सुपरफंडच्या प्रत्येक जागेचे स्वतंत्र पान असते, आणि जेथे रसायन मागे उरले आहे तेथे दर पाच वर्षांनी आढावा घेतला जातो. शेवटचा आढावा उघडून भूजलाच्या नकाशात आपली गल्ली दूषित पट्ट्यात येते का ते पाहा, आणि तेथे नेमलेल्या समाज समन्वयकाला घराचा पत्ता देऊन विचारा की या अंगणाची, या बेसमेंटची तपासणी कधी झाली होती का. गल्ली पट्ट्याबाहेर असेल आणि माती-पाण्याचे कागद स्वच्छ असतील, तर मी ते घर घेईन. गल्ली पट्ट्यात असेल, तर बेसमेंटच्या हवेचा निकाल हाती येईपर्यंत सही करणार नाही, आणि विक्रेता चाचणीला नकार देत असेल तर दुसरे घर पाहीन.