सर्वचेतनवाद, सर्वचैतन्यवाद की सर्वात्मवाद?

प्रश्न असा आला आहे: जाणीव हा पदार्थाचा मूलभूतच गुणधर्म असावा, असं मानणाऱ्या 'पॅनसायकिझम'ला मराठीत काय म्हणावं? आणि जडाला चेतन म्हणणं हा वदतोव्याघात, म्हणजे स्वतःच स्वतःला खोडणारं बोलणं, नाही का?

'सर्वात्मवाद' मी बाजूला ठेवेन. आत्मा म्हटला की पुनर्जन्म, मोक्ष असं सगळंच मागोमाग येतं. इथला दावा त्याहून पुष्कळ लहान आहे. इलेक्ट्रॉनला जसं वस्तुमान आणि विद्युतभार, तसाच अनुभवाचा अगदी प्राथमिक अंशही असावा, एवढंच. अख्ख्या दगडाला काही वाटतं, असं यातले बहुतेक जण म्हणतही नाहीत.

'चैतन्य' तत्त्वज्ञानात नेमका आहे, पण मुलं आली आणि घरात चैतन्य आलं, असं म्हणतो तेव्हा आपल्या मनात उत्साह असतो. सगळ्यात जवळचा शब्द 'जाणीव'. त्याला 'नेणीव' ही जोडही आहे. पण 'सर्वजाणीववाद' जिभेवर बसत नाही. म्हणून नाव 'सर्वचेतनवाद' ठेवावं आणि समजावताना 'जाणीव' वापरावा.

वदतोव्याघात मात्र मला दिसत नाही, कारण 'जड'चे दोन अर्थ आपण एकत्र करतो. भौतिकीतलं जडत्व म्हणजे गतीची स्थिती बदलायला होणारा विरोध. तो मोजता येतो. तत्त्वज्ञानातलं जड म्हणजे जाणीव नसलेलं. पहिल्यावरून दुसरं सिद्ध होत नाही. सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी तर बुद्धी, अहंकार आणि मनसुद्धा प्रकृतीत, म्हणजे जडात घातलं आणि जाणणारा 'पुरुष', म्हणजे शुद्ध जाणीव, वेगळा काढला. मेंदूचं काम कसं चालतं हा एक प्रश्न आणि ते चालताना मुळात अनुभव का येतो हा दुसरा, असा भेद तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये मांडला, तेव्हा मला सांख्यांची ही रेघ आठवली. दोन्हींचा निष्कर्ष एक नाही, पण रेघ ओढायची गरज दोघांनाही वाटली.

खरी अडचण शब्दाची नाही, जुळणीची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये ती फार सुरेख दाखवली: बारा शब्दांचं वाक्य घ्या, बारा माणसांना एकेक शब्द सांगा, प्रत्येकानं आपल्या शब्दाचा कितीही विचार केला तरी पूर्ण वाक्याची जाणीव कुणालाच होणार नाही. मग कणाकणांच्या जाणिवा मिळून एक 'मी' कसा होतो? याला मी 'जुळणीचा प्रश्न' म्हणेन. 'संयोग' म्हटलं की रसायनातलं संयुग डोळ्यांपुढे येतं आणि उत्तर मिळाल्याचा भास होतो.