खुनाचा छडा लागलाच नाही, तर घरची माणसं कशी जगतात?

जगतात, पण दुःखाच्या जोडीला संशय कायमचा राहायला येतो. मारणारा कोण हे माहीत नसल्यामुळे ओळखीतला प्रत्येक माणूस मनात एकदा तरी तपासला जातो, अगदी अंत्यविधीला आलेलासुद्धा. त्यात पहिली चौकशी बहुतेकदा घरच्यांचीच होते आणि ती कुजबूज पाठ सोडत नाही. गेलेल्याचे कपडे, फोन पुरावा म्हणून अडकून पडतात. तपास अधिकारी बदलला की सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मला हाच भाग सगळ्यात क्रूर वाटतो.

तरी 'आशा सोडा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. कॅलिफोर्नियात १९७० आणि १९८०च्या दशकांत खून करणारा जोसेफ डीअँजेलो २०१८ मध्ये पकडला गेला. जपून ठेवलेला डीएनए वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या दूरच्या नातेवाइकांशी जुळला होता. अमेरिकेत २०२२ पासून असा कायदाही आहे की केंद्रीय यंत्रणांकडच्या, किमान ३ वर्षं जुन्या खुनाची फाईल पुन्हा तपासा, अशी मागणी जवळचे नातेवाईक करू शकतात.

तुमच्या जवळचं कुणी यातून जात असेल तर 'आता विसर' म्हणू नका. गेलेल्याचं नाव घ्या, त्याच्या जगण्याच्या आठवणी काढा. पोलिसांकडे जाताना सोबत जा आणि कोण भेटलं, काय म्हणालं, तारीख, सगळं एका वहीत लिहून ठेवा. नवा अधिकारी आला की ती फार उपयोगी पडते.